बारावी आणि कॉलेज यांच्या मधलं एक निवासी वर्ष

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला, की आमच्याकडच्या प्रत्येक घरात एकच चर्चा सुरू होते : आता काय घ्यायचं? सायन्सचे टक्के बरे असतील तर नर्सिंग, बी. फार्म., इंजिनिअरिंग. आर्ट्स असेल तर बी. ए., डी. एड., नाहीतर पोलीस भरती. यवतमाळच्या एखाद्या तालुक्यात विचारा, वाशीमला विचारा, गडचिरोलीत विचारा, यादी साधारण एवढीच निघते. मुलं हुशार नाहीत म्हणून ती आखूड नसते. सतराव्या वर्षापर्यंत त्यांनी जवळून पाहिलेले पगारदार म्हणजे शाळेतले सर, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य केंद्रातली सिस्टर, पोलीस आणि बँकेतला कॅशियर. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारा माणूस किंवा कायद्याचा मसुदा लिहिणारी बाई यांच्याशी त्यांची गाठच पडलेली नसते. मग त्या वाटेचा विचार त्यांच्या मनात येणार कुठून?

या अडचणीवर काही देशांत एक उपाय चांगला रुळलेला आहे. शाळा संपली की थेट विद्यापीठात जायचं नाही. आधी एक वर्ष आपल्याच वयाच्या मुलामुलींबरोबर एका ठिकाणी राहायचं, निरनिराळे विषय चाखून बघायचे, हातानं कामं करायची आणि मग ठरवायचं. त्याला कुठे काही नाव आहे, कुठे काही. मी या लेखापुरतं त्याला दिशावर्ष म्हणते.

याची जुनी मुळं डेन्मार्कच्या शेतकऱ्यांत आहेत. ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशक-विचारवंतानं मांडलेल्या कल्पनेवरून १८४४ साली रोडिंग या गावी पहिली लोकशाळा निघाली. शेतकऱ्यांच्या तरुण पोरांनी काही महिने तिथं राहावं, इतिहास, भाषा, देशाचा कारभार समजून घ्यावा, गाणी म्हणावीत, वाद घालावेत. परीक्षा नाही, गुण नाहीत. पुढे अशा शाळा वाढल्या तेव्हा तरुणांचे वर्ग हिवाळ्यात आणि तरुणींचे उन्हाळ्यात, अशी पद्धत पडली, कारण शेतीची कामं सांभाळूनच शिकायचं होतं. डेन्मार्कची सहकारी दूध चळवळ पुढे जगभर गाजली. ती उभी करणाऱ्यांत या शाळांतून गेलेली शेतकऱ्यांची मुलं बरीच होती. शेजारच्या नॉर्वेत अशी पहिली शाळा १८६४ साली निघाली आणि आज तिथं ऐंशीच्या आसपास आहेत. बारावीच्या बरोबरीचं शिक्षण संपवलेली मुलं तिथं एक शैक्षणिक वर्ष राहतात. शिकवण्याचा खर्च सरकार उचलतं, राहण्या-जेवणाचा खर्च मुलांनी करायचा. परीक्षा तिथंही नाही.

जर्मनीतल्या ट्युबिंगन शहरात विद्यापीठाशी जोडलेलं लाइब्निट्स कोलेग आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४८ साली ते सुरू झालं. पन्नासेक विद्यार्थी दहा महिने एका छताखाली राहतात आणि कायदा, तत्त्वज्ञान, विज्ञान, साहित्य, अर्थशास्त्र असे एकमेकांपासून लांबचे विषय एकाच वेळी शिकतात. जर्मनीत विद्यापीठात पाऊल टाकलं की पहिल्या दिवसापासून आपला एक विषय धरावा लागतो. तो धरण्याआधी बाकीचे बघून घ्यावेत, एवढाच या वर्षाचा हेतू.

आमच्याकडे कुणी म्हणेल, ही परदेशातली थेरं इथं कशाला? पण शिक्षणाला हाताच्या कामाशी आणि एकत्र जगण्याशी जोडण्याचा विचार वर्ध्यातच झाला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. आशादेवी आणि आर्यनायकम यांनी सेवाग्रामात तो चालवून दाखवला. त्यामुळे विदर्भातल्या माणसानं ही कल्पना परकी मानायचं कारण नाही.

या वर्षात दिवसभर करायचं काय, हा पहिला रास्त प्रश्न. समजा, आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावी असं वीस-पंचवीस मुलामुलींचं घर सुरू आहे. जुलैत सुरू होतं, एप्रिलमध्ये संपतं, आणि सोयाबीन काढणीच्या वेळी मोठी सुट्टी असते, कारण त्या पंधरा दिवसांत घरी हात लागतातच. सकाळी दोन-तीन तास वर्ग. त्यातला रोजचा एक तास इंग्रजीचा, पण व्याकरण पाठ करण्याचा नाही. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचून तो आपल्या शब्दांत सांगण्याचा. मराठीत नीट लिहिण्याचा सरावही तेवढाच, कारण मनातला मुद्दा कागदावर उतरवता न येणं ही भाषेपलीकडची अडचण आहे. दुपारी काम. संध्याकाळी कुणी पाहुणा आला तर त्याच्याशी गप्पा, नाहीतर वाचन. महिन्यातला एक आठवडा बाहेर, कुठल्या तरी कामाच्या जागी.

हा बाहेरचा आठवडा फार महत्त्वाचा. एक उदाहरण घेऊ. कापूस वेचून हाताला ओरखडे पडलेली मुलगी आठवडाभर जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात जाते. वेचलेला कापूस मोजून गाडीत भरला की तिच्या घरचा संबंध संपत होता. आता तिला पुढचं दिसतं. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची दाबून गाठ बांधतात ती १७० किलोची. गाडी आल्यावर व्यापारी कापसात ओलाव्याचं मीटर खुपसतो आणि आकडा बघतो. हमीभावानं खरेदी करणारं कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कापत जातं आणि त्याहून ओला असेल तर घेत नाही. मग धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजली जाते. बापाला मागच्या साली भाव कमी का मिळाला, ते तिला तिथं उभ्या उभ्या कळतं. त्या एका आवारात वस्त्र तंत्रज्ञान आहे, यंत्रं आहेत, बाजाराचं अर्थशास्त्र आहे, सरकीच्या तेलाचं रसायन आहे, कामगार कायदा आहे. यांपैकी एखादा धागा तिनं पकडला तर ती तिची पुढची पदवी होऊ शकते. कुठलाच नाही पकडला तरी बिघडत नाही. पुढच्या महिन्यात ती जिल्हा न्यायालयात बसेल, त्याच्या पुढच्या महिन्यात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत.

आता निवासी कशासाठी, घरून ये-जा करून का नाही? अर्धं शिक्षण राहण्यातच आहे, असं माझं ठाम मत आहे. मेसचं उदाहरण पुरेल. दर आठवड्याला दोघांकडे मेसचा कारभार आणि ठरलेली रक्कम. आठवडी बाजारातून भाजी त्यांनीच आणायची, तूरडाळ किती लागेल तेही त्यांनीच ठरवायचं. गुरुवारी पैसे संपले तर शुक्रवार-शनिवार बेसनावर काढायचे आणि सगळ्यांची बोलणी खायची. शेकडेवारी, अंदाज, हिशेब लिहिणं, चूक कबूल करणं, हे सगळं त्या एका आठवड्यात येतं. आणखी एक गोष्ट येते, जी आपण मोठ्यानं बोलत नाही. गावात ज्यांच्या घरचं पाणी पिऊ नको असं लहानपणापासून ऐकलं, त्याच घरच्या मुलीनं केलेल्या पोळ्या इथं खाव्या लागतात, आणि आपण केलेल्या तिला वाढाव्या लागतात. सुरुवातीचे काही दिवस कुणी कुणाच्या ताटाशेजारी बसतं ते बारकाईनं बघा. दिवाळीनंतर तीच पंगत बघा. नीट चालवलेल्या जागी ती बदललेली असते, आणि हे काम कुठलाही तास करू शकत नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षात आमची मुलं कुठे अडतात, हेही इथं लक्षात घ्यायला हवं. अभ्यास अवघड जातो हे खरंच, पण पुष्कळदा आधी दुसऱ्याच गोष्टी अडवतात. नागपूर-पुण्याच्या वर्गात प्रश्न विचारायला उठवत नाही. प्राध्यापकाला ई-मेल काय लिहायचा ते ठाऊक नसतं. ग्रंथालयातून पुस्तक शोधता येत नाही. खोलीवरची तीन मुलं रात्री दोनपर्यंत मोबाईल बघत असतील तर त्यांना थांबा म्हणता येत नाही. या गोष्टी शहरातल्या शिकलेल्या घरच्या मुलाला कुणी शिकवत नाही. तो त्या घरी बघून आलेला असतो. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जातंय, तर त्याला त्या कुठेतरी शिकाव्या लागतील. दिशावर्ष ही ती जागा आहे.

याची गल्लत दोन गोष्टींशी होते. पहिली, 'ड्रॉप'. नीटसाठी अकोल्याला किंवा लातूरला एक साल ड्रॉप घेणं आता आमच्या गावांना नवं राहिलेलं नाही. शेत गहाण टाकून फी भरणारे बाप मी पाहिले आहेत. त्या वर्षाला कुणी वाया गेलं म्हणत नाही, कारण त्याच्या टोकाला परीक्षा असते. पण ड्रॉपमध्ये ध्येय आधीच ठरलेलं असतं, आणि ते बहुधा दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. दिशावर्षात ठरवायला शिकायचं असतं. दुसरी गल्लत कॉलेजच्या सुरुवातीच्या परिचय कार्यक्रमाशी. इंजिनिअरिंगला २०१७ पासून तीन आठवड्यांचा असा कार्यक्रम आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये सगळ्याच पदव्यांसाठी 'दीक्षारंभ' आणला. चांगलंच आहे. पण तोवर प्रवेश झालेला असतो, फी भरलेली असते. निवड करून झाल्यावर निवडीचा विचार करायला तिथं वाव नाही.

आणि आता मुलींविषयी, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कस इथंच लागतो.

जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर एका विद्यार्थिनीचे वडील भेटले. सोयाबीनच्या थैल्या ऑटोत चढवणं चालू होतं. पोरगी वर्षभर अशा एखाद्या ठिकाणी राहिली तर बरं होईल, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, एक साल मधात गेलं तं लोकं म्हणतीन पोरगी नापास झाली. मंग सोयरे येते दाराशी."

"घरी नाही ठेवायची ना भाऊ. होस्टेलात राहून शिकणार आहे ती."

"ते समजलं मले. पण लोकायले काय सांगू? कोणत्या कॉलेजात हाय म्हणून सांगू?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. मुलाचं एक वर्ष रिकामं गेलं तर तो शेतात हात लावतो, लोक विसरतात. मुलीचं शिक्षण थांबलंय असं गावाला वाटलं, की बघायला येणाऱ्यांची रीघ लागते, आणि एकदा बोलणी पुढे गेली की आईबापालाही मागे फिरणं अवघड होतं. म्हणून मुलीच्या दिशावर्षाला नाव हवं, पाटी हवी, ओळखपत्र हवं, शेवटी हातात एक कागद हवा. शहरातल्या सुखवस्तू घरात 'जरा एक वर्ष थांबून बघते' एवढं म्हणून भागतं. इथं भागत नाही. आणि ज्या मुलीला या वर्षाची सगळ्यात जास्त गरज असते, तिलाच ते घेण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. आमच्या भागात अशी सोय उभी करणाऱ्यांनी याचा विचार अभ्यासक्रमाच्याही आधी करावा.

एक तोडगा सध्याच्या नियमांत बसतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत पदवीच्या पहिल्या वर्षाला नाव घालायचं आणि राहायचं दिशावर्षाच्या घरात. मुक्त विद्यापीठाचा अभ्यास तिथं संध्याकाळी होऊ शकतो. लोकांना सांगायला पदवी आहे, शिक्षणात खंडही पडत नाही. बापाच्या प्रश्नाला हे खरंखुरं उत्तर आहे.

विदर्भात असं पूर्ण वर्ष नसलं तरी त्याचे तुकडे आहेत आणि ते बघण्यासारखे आहेत. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथं एमबीबीएसला लागलेली मुलं आधी पंधरवडाभर गांधीजींच्या आश्रमात राहतात : प्रार्थना, सूतकताई, श्रमदान. नंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, गावात मुक्काम करते, आणि वाटून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहते. डॉक्टर होण्याआधी पेशंटचं घर बघायला मिळतं. चंद्रपूर जिल्ह्यात मूल या गावाजवळ सोमनाथला बाबा आमटेंनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी दर मे महिन्यात भरते. सकाळी घाम गाळायचा, नंतर ऐकायचं, बोलायचं. गडचिरोलीच्या शोधग्रामात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली 'निर्माण' सुरू केलं. आयुष्याचं काय करायचं, या प्रश्नाभोवती तिथली शिबिरं बांधलेली असतात. आणि कॉलेजात गेल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर असतंच. ते मनापासून घेतलं तर सात दिवसांतही पुष्कळ होतं.

पूर्ण एका वर्षाचा निवासी नमुना बघायचा असेल तर पुणे जिल्ह्यात पाबळला जावं लागेल. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया हे सगळं मुलं वर्षभर तिथं राहून, करता करता शिकतात. शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही तिथं जागा आहे. त्याचा रोख कौशल्यावर जास्त आणि विषय निवडण्यावर कमी आहे, पण आमच्या मुलांना अंगावर घेता येईल असं वर्ष कसं दिसतं, ते तिथं दिसतं.

आता थोडं कागदपत्रांचं. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर बहुतेक कॉलेजं प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. ते सेतू केंद्रात किंवा तहसीलमध्ये होऊन जातं, त्याला घाबरू नये. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं देता येते. जेईई अॅडव्हान्स्डला मात्र सलग दोनच वर्षं मिळतात, तेव्हा आयआयटी डोक्यात असेल तर हिशेब आधी करावा. नीटला वयाची वरची अट नाही. सरकारी वसतिगृह, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची स्वयम योजना या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या प्रवेशाशी बांधलेल्या आहेत. नुसत्या दिशावर्षासाठी त्यांचा पैसा मिळणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं. आणि या वर्षाचा एक साधा फायदा : जात वैधता प्रमाणपत्र. ऐन प्रवेशाच्या वेळी त्यासाठी समितीच्या कार्यालयात खेटे घालणारी किती मुलं दरवर्षी हातातली जागा घालवतात! वर्षभर हाताशी असताना ते काम पूर्ण करून घ्यावं. नॉन-क्रीमीलेयरची मुदतही तपासून घ्यावी.

सगळ्यांनी हे वर्ष घ्यावं असं मी म्हणणार नाही. जिला नर्सच व्हायचंय, जिनं मावशीबरोबर दवाखान्यात राहून ते काम पाहिलंय, तिनं सरळ प्रवेश घ्यावा. ज्या घरात बापाची तब्येत ढासळलीय आणि लवकर पगार यायला हवा, तिथं वर्षभर थांबा असा सल्ला देणं निर्दयपणाचं होईल. तिथं तीन महिन्यांचं किंवा सुट्टीतलं शिबिर शोधावं. मात्र जो मुलगा मित्रानं फॉर्म भरला म्हणून त्याच कॉलेजचा फॉर्म भरतोय, जिचे टक्के चांगले आहेत पण 'काय आवडतं?' विचारल्यावर जी खाली बघते, त्यांच्यासाठी हे वर्ष आहे. अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि नको असलेल्या पदवीत तीन-चार वर्षं काढून ती परत गावात येऊन बसतात. तेव्हा एका वर्षाचा हिशेब कुणी मांडत नाही.

एखाद्या संस्थेनं असं वर्ष सुरू केल्याचं कानावर आलं तर माहितीपत्रकावर जाऊ नका. पोरीला घेऊन एक दिवस तिथं जा, शक्य तर जेवणाच्या वेळेला. मुलांकडून काम किती तास करून घेतात आणि ते काम त्यांच्या शिकण्याचं आहे की संस्थेच्या फायद्याचं, ते विचारा. रात्री मुलींच्या बाजूला कोण राहतं, संडास-न्हाणीच्या दारांना आतून कडी आहे का, दवाखाना किती लांब आहे, ते डोळ्यांनी बघा. गेल्या वर्षीची मुलं आता कुठे शिकतायत, त्यांची नावं मागा आणि त्यांच्यातल्या दोघांशी, संस्थेचं कुणी समोर नसताना, फोनवर बोला. फी भरायला सांगितली तर पावती कोणत्या नावानं मिळेल ते आधी विचारा, आणि त्या दिवशी पैसे न देता घरी परत या.